तिसरा दरवाजा

तिसऱ्या दरवाज्याशी पोचलो की मशीन मरायचं.
मरायचं म्हणजे, पडदा एकदम काळा,
पंख्यांचा एक उसासा,
आणि लगेच आपलं आपणच उठून बसायचं
तोंड धुतल्यासारखं,
काही झालंच नाही असं.

"मशीन बंद पडलं," मी म्हणायचो.
आई साडीला फॉल लावता लावता विचारायची,
"कोणतं? माझं का तुझं?"

नवं कार्ड टाकल्यापासून हे सुरू झालं.
सेलूला तहसीलसमोरच्या टपरीत बसून
फॉर्मामागं वीस रुपये, असे सहाशे फॉर्म भरले
आणि नांदेडच्या एका पोराकडून ते आणलं,
एसटीत मांडीवर घेऊन, लेकरू आणावं तसं.
जुन्या कार्डावर गवत नुसतं हिरवं होतं.
ह्याच्यावर ते हलायचं.

मग शोधायला लागलो.
रॅम काढली, तिचे दात खोडरबरानं घासले.
विंडोज पुसून पुन्हा टाकलं, दोनदा.
प्रोसेसरवरचा लेप खरवडला, नवा लावला,
ताप बघितला: एकाहत्तर. म्हणजे तापही नाही.
मुदस्सिर म्हणला, व्हायरस असंल.
मुदस्सिरला सगळंच व्हायरस असतं.
सिस्टिमच्या नोंदवहीत दर वेळी एकच ओळ:
मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं.
ते तर मलाही माहीत होतं.
पंचनामा होता, कारणाचा रकाना कोरा.

शेवटी मुदस्सिरच म्हणला, चाचाकडं चल.
खलीलचाचा मोंढ्यामागं मोटारी भरतो.
दुकानात वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची वेटोळी,
भिंतीवर दोन वर्षांमागचं कॅलेंडर, नोव्हेंबरावर थांबलेलं.
त्यानं कॅबिनेट उघडलं नाही. आधी विचारलं,
"कब मरता?"
तिसऱ्या दरवाज्याशी, मी म्हणलो.
"दरवाजा छोड. तब होता क्या?"
दरवाजा उघडतो, म्हणलं, आतून उजेड येतो,
हजार मशाली एकदम पेटतात.
"हौ," चाचा म्हणला, आणि चहा सांगितला.

पाच एचपीची मोटर, तो सांगू लागला,
फिरती असली की गरीब.
पण बटण दाबलं त्या क्षणाला
पाचपट, सहापट ओढते, डोळ्याचं पातं लवायच्या आत.
काट्याला कळत नाही. फ्यूजला कळतं.
सोसत नाही, तो जातो,
आणि लोक मोटर उचलून आणतात माझ्याकडं.

तेव्हा कुठं झाकण काढलं.
एसएमपीएसवर बोट ठेवलं:
साडेचारशे वॅट, सहा वर्षांचा जुना.
त्यातून निघालेली एकच वायर,
पुढं तिला दोन तोंडं फुटलेली,
दोन्ही कार्डाच्या अंगात खुपसलेली.
"एक नल पे दो गाँव," चाचा हसला.

सहा आठवडे मी कार्डाला शिव्या दिल्या होत्या.
ह्याच्या पोटावरचं लेबल वाचलंच नव्हतं.

दुसरी वायर लावली. चार दिवस टिकलं.
पाचव्या दिवशी पुन्हा काळं.
साडेसहाशेचा नवा एसएमपीएस म्हणजे आणखी अडीचशे फॉर्म,
आणि हंगाम तर संपलेला.
म्हणून कार्डाचा घास सत्तर टक्क्यांवर आणला.
गवत जरा कमी हलतं आता.

परवा रात्री तिसरा दरवाजा उघडला, उघडाच राहिला.
मशाली पेटल्या. मी श्वास धरून बसलेलो.
आत काही नव्हतं.
फरसबंद अंगण, एक आड,
आणि त्याच्यापलीकडं चौथा दरवाजा.

चाचाला दाखवायला बोलावलं.
त्यानं खुर्ची पडद्याकडं पाठ करून मांडली,
कॅबिनेटवर तळहात ठेवला, कान जवळ नेला,
बराच वेळ.
आईनं पलीकडं पाय थांबवले, आवाज नको म्हणून.
"थोडा भूखा है," चाचा म्हणला,
"लेकिन चलता."
मग आईच्या मशीनकडं बघितलं.
"उसका पट्टा ढीला है."